पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत : एमबीए सीईटी, जीमॅट आणि शिरूर-दौंडची आपली मुलं

एमबीए सीईटीचा निकाल लागला की शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, दौंड या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये दोन प्रकारचे फोन सुरू होतात. पहिला फोन मुलं आम्हाला करतात. "दादा, ७१ पडलेत, नंबर लागेल का?" दुसरा फोन मुलांना येतो, अनोळखी नंबरवरून. समोरचा माणूस अगदी आपुलकीने बोलतो. "तुमचा स्कोअर कमी आहे, राउंडमध्ये काही मिळणार नाही. आमच्याकडे थेट सीट आहे, आज बुकिंग केलं तर फीमध्ये सूट."

या दोन फोनच्या मधल्या आठ-पंधरा दिवसांत आपल्या अनेक मुलांचं नुकसान होतं. त्यांना अक्कल कमी असते म्हणून हे होत नाही. हातात आलेल्या आकड्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितलेला नसतो, म्हणून होतं.

गेल्या काही वर्षांत विहारात बसून आम्ही अशा अनेक मुलामुलींचे निकाल पाहिले. एकाने ७१ पर्सेंटाइल म्हणजे ७१ टक्के समजून घरी पेढे वाटले. दौंडकडच्या एका मुलीला ५८ आले होते. आपण जेमतेम काठावर आहोत, आता कुठं काही होणार नाही, असं ठरवून तिने अर्ज भरायचंच सोडून दिलं. दोघांनीही तीच चूक केली होती. तिसरा एक जण फोनवाल्याच्या मागे गेला. त्याची गोष्ट पुढे येईलच.

आकडा काय सांगतो?

महाराष्ट्रात एमबीए आणि एमएमएसच्या प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ही परीक्षा घेतो. आपण त्याला सीईटी सेल म्हणतो. परीक्षा संगणकावर होते. प्रश्न २००, गुण २००, वेळ १५० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तार्किक क्षमतेचे म्हणजे लॉजिकल रीझनिंगचे ७५ प्रश्न, आकृत्यांचे म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट रीझनिंगचे २५, गणिताचे ५०, आणि इंग्रजी भाषा व उताऱ्यांचे ५०. प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते.

ही परीक्षा एकाच दिवशी एकाच पेपरवर होत नाही. लाखाहून अधिक मुलं बसतात, त्यामुळे ती अनेक सत्रांत घेतली जाते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. एक पेपर सोपा, एक अवघड, असं होणारच. मग सोप्या पेपरातले ११० आणि अवघड पेपरातले ११० सारखे कसे धरायचे? म्हणून नुसत्या गुणांवर यादी लावत नाहीत. तुमच्या सत्रात जेवढे जण बसले, त्यातल्या किती जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत हे मोजतात आणि त्याचं शंभरावर प्रमाण काढतात. तेच पर्सेंटाइल.

समजा तुमच्या सत्रात १०,००० जण होते. तुम्हाला धरून ७,१०० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा कमी आहेत. तुमचं पर्सेंटाइल ७१. म्हणजे तुमच्या पुढे २,९०० जण आहेत. तुम्हाला २०० पैकी किती मिळाले याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. तो सांगतो ती रांगेतली जागा. पेढे वाटणाऱ्या मुलाला ७१ टक्के मिळालेले नव्हते, आणि त्या मुलीलाही ५८ टक्के मिळालेले नव्हते. तिच्या मागे निम्म्याहून अधिक मुलं होती.

या परीक्षेत नापास हा प्रकारच नाही, ही दुसरी गोष्ट. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवाराला पदवीला किमान ४५ टक्के हवेत आणि सीईटीत शून्याहून अधिक गुण हवेत. पात्रता एवढीच. पात्रता आणि चांगलं कॉलेज यांत अंतर आहेच. मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज संस्थेचा दरवाजा खुल्या प्रवर्गात ९९ च्या पुढेच उघडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण जमनालाल बजाज मिळत नाही म्हणून अर्जच न भरणं म्हणजे शिवनेरी मिळाली नाही म्हणून पुण्याला जायचंच रद्द करण्यासारखं झालं.

आता आपल्या प्रवर्गाबद्दल. पर्सेंटाइल सगळ्या उमेदवारांत मिळून काढतात, प्रवर्गनिहाय वेगळं काढत नाहीत. पण प्रवेशाच्या वेळी अनुसूचित जातीच्या १३ टक्के जागांसाठी तुमची स्पर्धा त्या प्रवर्गातल्या उमेदवारांशी असते. एकूण यादीत हजारोंच्या मागे असलेला मुलगा प्रवर्गाच्या यादीत बराच वर असू शकतो. आणि पर्सेंटाइल खुल्या जागेइतकं असेल, तर तुम्ही खुल्या जागेवरच जाता. ती तुमच्या गुणवत्तेची जागा आहे, कुणी दिलेली सवलत नाही. मागच्या वर्षी कोणत्या संस्थेत, कोणत्या प्रवर्गाला, कोणत्या फेरीत किती पर्सेंटाइलला जागा मिळाली, ही यादी सीईटी सेल जाहीर करतो. फोनवाल्याचं ऐकण्याआधी ती यादी उघडा. अर्ध्या तासात कळतं की तो खरं बोलतोय की नाही. बहुतेक वेळा नसतो.

कोरी सोडलेली उत्तरं

निकालानंतर आम्ही मुलांना एक प्रश्न नेहमी विचारतो : किती प्रश्न सोडले? उत्तर ऐकून पोटात गोळा येतो. कुणी ४० सोडलेले, कुणी ६०. "येत नव्हतं म्हणून नाही टिकमार्क केलं." लहानपणापासून शिकवलं गेलं की येत नसेल तर उगाच काही लिहू नये. बँकेच्या परीक्षांत चुकीला गुण कापतात, तिथं ती सवय कामाची आहे. इथं चुकीला काहीच कापत नाहीत. चार-पाच पर्यायांतून डोळे मिटून जरी निवडलं, तरी ४० प्रश्नांत सरासरीने आठ-दहा बरोबर येतात. हे आठ-दहा गुण तुम्ही केंद्रावर सोडून आलात.

आणि ते किती मोलाचे आहेत ते बघा. रांगेच्या मधल्या भागात गर्दी सगळ्यात जास्त असते. एकेका गुणावर शेकडो मुलं उभी असतात. तिथं आठ गुण वाढले की पर्सेंटाइल भराभर वर जातं. ९९ च्या वर गेलेल्याला एक दशांश वाढवायला घाम गाळावा लागतो, पण ५० ते ८० च्या पट्ट्यात, जिथं आपली बरीच मुलं आहेत, तिथं थोड्या गुणांनी मोठी उडी बसते. ही गोष्ट क्लासवाले फारशी सांगत नाहीत. त्यांच्या फलकावर ९९ वाल्याचाच फोटो लावायचा असतो.

१५० मिनिटांत २०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. सगळं सोडवायचं नसतंच. एका गणिताला तीन मिनिटं देणारा मुलगा हुशार असेल, पण त्या वेळात त्याने तीन सोपे प्रश्न गमावले. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायची आणि राहिलेल्या प्रत्येक प्रश्नाला काही ना काही उत्तर द्यायचं, एवढी एक शिस्त सरावाने बसवता येते.

आपल्या भागातल्या मुलांना आम्ही आणखी एक गोष्ट सांगत असतो. शिरूर-दौंडच्या अभ्यासिकांमध्ये पोलिस भरती, बँक, तलाठी, एमपीएससीची तयारी करणारी मुलं वर्षानुवर्षं बसतात. बैठक व्यवस्था, दिशा, नातेसंबंध, सांकेतिक भाषा, आकृत्यांची मालिका, हे सगळं त्यांनी हजार वेळा सोडवलेलं असतं. सीईटीतले २०० पैकी १०० प्रश्न याच जातकुळीतले आहेत. गणितही शेकडेवारी, काळ-काम-वेग, नफा-तोटा याच वळणाचं. अडचण येते ती इंग्रजीच्या ५० प्रश्नांत, आणि लांबलचक तर्काचा प्रश्न इंग्रजीतून वाचताना. म्हणजे अभ्यासिकेतल्या मुलाची अर्ध्याहून अधिक तयारी आधीच झालेली असते, आणि त्यालाच वाटत असतं की एमबीए ही पुण्यातल्या इंग्रजी शाळेच्या मुलांची गोष्ट आहे. भरतीचं वय निघून चाललेल्या आणि पदवी हातात असलेल्या मुलांनी तरी हा पेपर एकदा वेळ लावून सोडवून पाहावा. सीईटी सेल सरावासाठी नमुना चाचणी देतो.

खरा तोटा पैशांत

आता त्या तिसऱ्या मुलाची गोष्ट. शिरूर तालुक्यातलाच. वडील रांजणगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. त्याला बऱ्यापैकी पर्सेंटाइल होतं. निकालानंतर तिसऱ्या दिवशी फोन आला, आणि घरच्यांनी पतसंस्थेतून पैसे उचलून एका खासगी संस्थेत जागा "पक्की" केली. संस्थेचं नाव लिहीत नाही, अशा एकट्या-दुकट्या नाहीत. वर्ग सुरू झाल्यावर तो महाडीबीटीवर अर्ज भरायला बसला, तेव्हा पहिलाच प्रश्न आला : प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झाला आहे का? त्याचा झालेला नव्हता. मॅनेजमेंट कोट्यातून झाला होता.

हा मुद्दा प्रत्येक घरात पोचला पाहिजे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर ती मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती आहे, आपण तिला फ्रीशिप म्हणतो. पण एमबीएसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेवर ही सवलत नाही. तेच कॉलेज, तोच वर्ग, तोच बाक. कॅपमधून आलेल्याची शिकवणी फी सरकार भरतं, आणि शेजारी बसलेल्याच्या घरी दोन वर्षं हप्ते चालू असतात.

फोनवाला घाई करतो त्यामागे हेच कारण आहे. कॅपची यादी लागली की तुमच्या लक्षात येईल की तुम्हाला सरळ जागा मिळत होती. त्याआधी पैसे घेतले पाहिजेत. म्हणून निकालापासून पहिल्या फेरीपर्यंत कुणालाही एक रुपया द्यायचा नाही, हा नियम आम्ही आता सगळ्या मुलांना घालून दिला आहे. पसंतीक्रम भरतानाही जे कॉलेज खरोखर हवं तेच वर लिहा. "वरचं कॉलेज लिहिलं तर खालचं जाईल" ही अफवा आहे. वरचं मिळालं नाही तर यंत्रणा आपोआप पुढच्या पसंतीकडे जाते.

कागद हा याच पैशांच्या हिशेबाचा भाग आहे. जात प्रमाणपत्र बहुतेकांकडे असतं, वैधता प्रमाणपत्र नसतं. वैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्याचे आणि जातीचे पुरावे मागतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेची नोंद, जुना महसुली उतारा शोधायला गाव, तहसील, जुनी शाळा अशा चकरा होतात. हे काम निकालानंतर सुरू करून होत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच मागे लागा. वडील, चुलते, भाऊ-बहीण यांपैकी कुणाची वैधता झालेली असेल तर ती पहिल्यांदा शोधा, अर्धं काम हलकं होतं.

यात आपल्या समाजाचा एक वेगळा गुंता आहे. शाळेच्या दाखल्यावर कुणाचं "बौद्ध" असतं, कुणाचं "नवबौद्ध", कुणाच्या आजोबांचं जुनं जातीचं नाव. राज्यात बौद्धांना सवलती आधीपासून होत्या, केंद्रात मात्र १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. त्यामुळे राज्याच्या सीईटीला चालणारा कागद केंद्राच्या संस्थेत जसाच्या तसा चालेल असं नाही. आयआयएमच्या कॅट परीक्षेचा अर्ज भरताना केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर मूळ जातीची नोंद लागते. धर्माचा अभिमान आणि दाखल्यावरची नोंद यांत काही मुलांना विसंगती वाटते. आम्हाला तसं वाटत नाही. हा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि कायदा ज्या शब्दांत मागतो त्या शब्दांतच तो घ्यावा लागतो.

कॅट आणि जीमॅट

सीईटी समजली की पुढच्या दोन परीक्षा समजायला वेळ लागत नाही, कारण फरक मोजके आहेत.

कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते, अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात. वेळ १२० मिनिटं, तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं, आणि एका विभागातून दुसऱ्यात उडी मारता येत नाही. २०२४ मध्ये एकूण ६८ प्रश्न होते. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकलेल्या बहुपर्यायी उत्तराला १ गुण वजा. काही प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर टंकावं लागतं, तिथं चुकीला कपात नाही. म्हणजे सीईटीतली "सगळं टिक करा" ही युक्ती इथं चालवली तर अंगाशी येईल. २०२५ चं शुल्क इतरांना २,६०० रुपये होतं, अनुसूचित जाती-जमातींना १,३००. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना १५ टक्के जागा आहेत, आणि आयआयएमच्या मोठ्या फीसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची टॉप क्लास शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख. आयआयएम नागपूर २०१५ पासून आहे, आणि मुंबईतली जुनी नीटी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. तरीही शिरूर-दौंडमधून कॅटचा अर्ज भरणारी आपली मुलं आमच्या माहितीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

जीमॅट ही जगभरच्या बिझनेस स्कूलची परीक्षा. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभच्या कंपन्यांत चार-पाच वर्षं काढलेले आपले काही इंजिनिअर आता तिच्याबद्दल विचारू लागले आहेत. परदेशी एमबीएसाठी तर ती चालतेच, शिवाय अहमदाबाद, बेंगळुरू, कोलकाता इथल्या आयआयएमचे अनुभवी लोकांसाठीचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आणि हैदराबाद-मोहालीची आयएसबी हीसुद्धा जीमॅटचे गुण घेतात. कॅटचे गुण एका वर्षात शिळे होतात, जीमॅटचे ५ वर्षं चालतात.

जीमॅटचं स्वरूप नोव्हेंबर २०२३ पासून बदललं आणि जुनी परीक्षा जानेवारी २०२४ अखेर बंद झाली. आता तीन विभाग आहेत : गणिताचे २१ प्रश्न, भाषेचे २३, आणि तक्ते-आलेख-माहितीचे २०. प्रत्येकाला ४५ मिनिटं, एकूण सव्वादोन तास. निबंध गेला, व्याकरणाची वाक्यदुरुस्ती गेली, भूमितीही गेली. विभागांचा क्रम तुम्ही ठरवायचा. एका विभागात जास्तीत जास्त तीन उत्तरं मागे जाऊन बदलता येतात.

मुख्य फरक असा की इथं सगळ्यांना एकच पेपर नसतो. बरोबर उत्तर दिलं की संगणक पुढचा प्रश्न अवघड देतो, चुकलं की सोपा. किती प्रश्न बरोबर आले एवढ्यावर गुण ठरत नाहीत, ते कोणत्या पातळीचे होते हेही मोजलं जातं. चुकीला सरळ वजाबाकी नाही, पण प्रश्न संपवता आले नाहीत तर दंड बसतो. प्रत्येक विभागाला ६० ते ९० मध्ये गुण मिळतात, तिन्ही विभागांचं वजन सारखं, आणि एकूण गुण २०५ ते ८०५ मध्ये, दहा-दहाच्या पायरीने. म्हणजे नव्या जीमॅटचा प्रत्येक एकूण आकडा ५ ने संपतो. ६४५, ६५५, ६६५ असा. कुणी क्लासवाला "आमच्या विद्यार्थ्याला नव्या जीमॅटमध्ये ७२०" असं फलकावर लिहीत असेल तर तो खोटं बोलतोय, कारण तो आकडा निघूच शकत नाही. जुन्या ७०० च्या तोडीचे गुण नव्यात साधारण ६४५ ला येतात. जुनी पुस्तकं आणि जुने व्हिडिओ पाहून ७०० चं लक्ष्य धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

केंद्रावर जीमॅट द्यायची तर २७५ डॉलर लागतात. तिथं प्रवर्ग नाही, सवलत नाही. ठेकेदारी पगारातून एका परीक्षेला एवढे पैसे घालायचे, तर आधी शिष्यवृत्तीचा हिशेब करा. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना आहे, जागा वर्षाला ७५, आणि विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत २०० च्या आत असावं लागतं. तिच्या अटी सरकार अधूनमधून बदलत असतं, त्यामुळे त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचल्याशिवाय डॉलर भरू नका.

हे सगळं कशासाठी?

चळवळीतले काही ज्येष्ठ आम्हाला म्हणतात, "अरे, एमबीए ही भांडवलदारांची शाळा. पोरांना तिकडे पाठवून चळवळीला काय मिळणार?" प्रश्न खोटा नाही. आम्ही त्यांना रांजणगावच्या कंपन्यांच्या गेटवर सकाळी सातला उभं राहायला सांगतो. ठेकेदाराच्या गाडीतून उतरणाऱ्यांत आपली मुलं ओळखीची दिसतात. आत एचआरच्या केबिनमध्ये, खरेदी विभागात, ठेका कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या टेबलामागे ती दिसत नाहीत. त्या टेबलापर्यंतचा रस्ता बहुतेक कंपन्यांत एमबीएच्या पदवीवरून जातो. बाबासाहेब १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, ते व्यापार शिकवणारं कॉलेज होतं. त्याच सिडनहॅमच्या नावाची सरकारी व्यवस्थापन संस्था आज मुंबईत आहे, आणि तिथला प्रवेश सीईटी आणि कॅपमधूनच होतो.

परीक्षेबद्दल आमच्या तक्रारी आहेतच. २०० पैकी एक चतुर्थांश गुण थेट इंग्रजीचे, आणि उरलेला पेपरही इंग्रजीत, हे मराठी माध्यमातल्या मुलावर ओझं आहे. सत्रांच्या हिशेबावरही वाद झाले आहेत. मार्च २०२३ मध्ये काही केंद्रांवर तांत्रिक बिघाड झाला, वेळेवरून गोंधळ झाला, काही विद्यार्थ्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. पर्सेंटाइल सात दशांशांपर्यंत काढलं म्हणून ते अचूक झालं असं नाही. ही परीक्षा माणसाची योग्यता मोजते, असं म्हणणाऱ्यांशी आमचं जमत नाही. ती एका सकाळची रांग लावते. पण त्या रांगेवर जागा आणि फी ठरते, तोवर तिचे नियम आपल्या मुलांना फोनवाल्यापेक्षा जास्त माहीत असले पाहिजेत.

संघटनांकडून आमची मागणी मोठी नाही. १ जानेवारीला कोरेगाव भीमाला आपण लाखोंनी जातो. १८१७ च्या शेवटच्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली तुकडी ज्या दिशेने गेली, साधारण त्याच वाटेने आपली मुलं पहाटेच्या एसटीने पुण्याच्या केंद्रावर जातात. सुमारे ७० किलोमीटर, आणि वाघोलीची कोंडी वेगळी. परीक्षेच्या आदल्या रात्री पुण्यात मुक्कामाची सोय, विहारात एक संगणक आणि वेळ लावून चार सराव पेपर, आणि निकालानंतर पसंतीक्रम भरताना शेजारी बसणारा एक जाणता माणूस. जयंतीच्या मिरवणुकीतल्या एका डीजेच्या खर्चात हे वर्षभर चालेल. हे वाचून कुणाला राग येईल, येऊ द्या.

५८ पर्सेंटाइलवाल्या मुलीने पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली. या वेळी तिने एकही प्रश्न कोरा सोडला नाही. वैधता आधीच काढून ठेवली होती, आणि फोन आला तेव्हा तिने मागच्या वर्षीची प्रवर्गाची यादी उघडून समोरच्याला आकडे वाचून दाखवले. त्याने फोन ठेवला. कॅपच्या दुसऱ्या फेरीत तिला पुण्यात जागा मिळाली. आता रविवारी दौंडला घरी आली की ती विहारात दोन तास बसते आणि नव्या मुलांचे अर्ज तपासते. गेल्या आठवड्यात तिने सहा जणांना परत पाठवलं, आजोबांच्या शाळेचा दाखला घेऊन या म्हणून.